चारशे बारा माणसांची लाटसावली

चूक यंत्राची नव्हती, माझी होती. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे पेपरवाल्यांनी सगळं खापर बिचाऱ्या तटमोलवर फोडलं. काय मोजायचं आणि काय सोडायचं, हे तटमोलला मीच शिकवलं होतं. त्याबद्दल दिल्लीला जाऊन पारितोषिकही घेऊन आले होते. फोटोत केवढ्या ऐटीत उभी आहे मी!

२०४३ सालचा मार्गशीर्ष. मंगळवार, दुपारचे चार. कुडाळच्या आमच्या किनारा मूल्यांकन कक्षात मी चहात बिस्कीट बुडवत बसले होते. समोरच्या भिंतीवर कोकणातल्या एकशे छप्पन्न कांदळवनांची नावं हिरव्या अक्षरांत चमकत होती. त्यातलं एक लाल झालं.

‘देवखाजण. संरक्षित माणसं शून्य. बदली यादीत जायला वीस तास बाकी.’

बिस्कीट चहात पडलं. देवखाजण म्हणजे माझं गाव. माझे वडील तिथे एकटे राहतात, आई जाऊन आठ वर्षं झाली. मी त्यांना फोन लावला, बंद. द्वारकाकाकीला लावला, बंद. शाळेतला फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. आग, वायुगळती, साथ, काय काय मनात येऊन गेलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

गावपळण!

आमच्याकडे दर चार वर्षांनी देव गाव मागतो. देवळाचा ढोल वाजला की सगळं गाव, गुरं, कुत्री, कोंबड्या, पाळण्यातलं पोर, अंथरुणातला म्हातारा, जे जे म्हणून श्वास घेतं ते शिवेबाहेर जातं. तीन दिवस आणि तीन रात्री गावात माणूस नाही. चौथ्या दिवशी दुपारी गुरव आणि मानकरी तेवढे देवळात जाऊन कौल मागतात. देवाने होकार दिला की सगळे परत, नाही दिला तर आणखी एक दिवस बाहेर. औंदा गावाने ठरवलं होतं की फोनही घरीच बंद करून ठेवायचे. महिन्यापूर्वी बाबांचा फोन आला होता, “गावपळण आसा, येतलंस?” मी म्हणाले होते, “बाबा, माका मिटिंगी आसत.” ते “बरा” म्हणाले आणि फोन ठेवला. मागच्या गावपळणीलाही मी हेच सांगितलं होतं.

आता तटमोल म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

समुद्रातून आलेली लाट कांदळवनात शिरते तेव्हा तिला हजारो खोडांमधून वाट काढावी लागते. चिखलातून वर डोकावणारी तिवरांची श्वासमुळं, कांदळांची चहूबाजूंना रोवलेली आधारमुळं, सगळ्यांना धडकत ती पुढे सरकते आणि दर पावलाला थकते. शंभर मीटर दाट झाडी ओलांडेपर्यंत तिची उंची निम्म्यावर येऊ शकते. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाने चालते, म्हणजे उंची निम्मी झाली की ताकद पावच उरते. आम्ही प्रत्येक वनाच्या समुद्राकडच्या आणि जमिनीकडच्या कडेला चिखलात दाबमापक पुरले. बाहेर किती ताकद आली आणि आत किती पोचली, यातला फरक म्हणजे झाडांनी केलेलं काम. वनाच्या पाठीमागच्या ज्या पट्ट्यात लाट अशी थकून येते, त्याला आम्ही नाव दिलं लाटसावली.

मग या कामाचं मोल किती? त्या लाटसावलीत जेवढी घरं, विहिरी, शेतं आणि मुख्य म्हणजे माणसं असतील तेवढं. दगडाची भिंत बांधायची झाली तर सरकार पैसे मोजतंच ना? तेच काम झाडं करतात, वर मासळीला आणि कुर्ल्यांना पिल्लं वाढवायला जागा देतात, तर त्यांना मजुरी का नको? तर अशी ती मजुरी सुरू झाली. विमा कंपन्या दरवर्षी ती गावाला देऊ लागल्या. देवखाजणला तीन वर्षांत शाळेसाठी दोन शिक्षक मिळाले, खाऱ्या झालेल्या तीन विहिरी गोड झाल्या. पूर्वी तिवर तोडून चुलीत घालणारी माणसं आता होडीतून राखण करू लागली. उभ्या झाडाला भाव आला आणि तो मी आणला, असं मी छाती पुढे काढून सांगत असे.

एकच डोकेदुखी होती, ती म्हणजे लबाडी. पहिल्याच वर्षी एका गावाने कागदावर दोनशे घरं वाढवून दाखवली. दुसरीकडे एका बंदरवाल्याने अख्खी वाडी कागदावरून पुसून टाकली. म्हणून मी ठरवलं की कागदावर विश्वास ठेवायचाच नाही. माणसं आहेत की नाहीत हे यंत्राने स्वतः बघायचं. विजेचा वापर, चुलीची आणि अंगाची ऊब, बोलण्याचा आवाज, सगळं जुळवून दर तासाला मोजणी. कोणाही अधिकाऱ्याने आकड्याला हात लावायचा नाही, अगदी मीसुद्धा नाही. आणि सलग बहात्तर तास पन्नासपेक्षा कमी माणसं दिसली तर गाव कायमचं उठलं असं समजून ते वन बदली यादीत टाकायचं. बदली यादी म्हणजे दुसरीकडे कुठेतरी तेवढी रोपं लावायची आणि इथलं वन तोडायला मोकळं.

“बहात्तर तास पुरेत का?” असं बैठकीत कोणीतरी विचारलं होतं. “तीन दिवस अख्खं गाव ओस पडतं असं कुठे असतं का?” असं उत्तर दिलं होतं मी. मी! देवखाजणच्या शिवेच्या मानकऱ्याच्या लेकीने!

आमच्या खाडीच्या मुखावर एका जेट्टीवाल्या कंपनीची मागणी दोन वर्षांपासून तयार होती. यादीत नाव आलं की त्याच क्षणी करार पक्का होणार होता. गाव रविवारी दुपारी बारा वाजता निघालं होतं. म्हणजे बुधवारी बाराला बहात्तर तास भरणार, आणि कौल त्यानंतर. देवाने लगेच होकार दिला असता तरी माणसं घरी पोचायला दोन वाजले असते.

मी धावत आमच्या कक्षप्रमुख नाडकर्णी मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“सूत्र बदलायचं तर मार्चमधली जनसुनावणी,” त्या म्हणाल्या. “तुझाच नियम आहे, दीक्षिता.”

“माहीत आहे.”

“मग असं करू. प्रशिक्षणाला आलेली साठ मुलं आहेत आपल्याकडे. दोन बस देते. आज देवखाजणच्या शाळेत जाऊन बसतील, गाणीबिणी म्हणतील आणि उद्या दुपारी परत येतील. माणसं खरी, मोजणी खरी. नियमात अगदी चोख बसतं.”

“आणि गाव?”

“गाव तर बाहेर आहे ना? कळणारसुद्धा नाही कोणाला.”

खरंच कळलं नसतं. मी नुसती मान हलवली असती तर वन वाचलं असतं, नोकरी वाचली असती आणि मी पुन्हा चहा प्यायला बसले असते. “बस तयार ठेवा, मी फोन करते,” एवढं म्हणून मी गाडी काढली. बाबांना न विचारता त्यांच्या रिकाम्या गावात साठ माणसं घुसवणं माझ्या जिवाला पटेना. का, ते तेव्हा मला नीट सांगताही आलं नसतं.

शिवेबाहेरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ माळावर, गाव उतरलं होतं. माडाच्या झापांच्या राहुट्या, डालग्यांखाली कोंबड्या, तीन दगडांच्या चुली. बायका फुगड्या घालत होत्या, पुरुष पत्ते कुटत होते. कोणालाच कसली घाई नव्हती. बाबा नारळ सोलत बसले होते. एकाहत्तरीतही हाताला तीच ताकद. मला बघून त्यांनी कोयता बाजूला ठेवला.

“इलंस? मिटिंगी सोपल्यो?”

“बाबा, सगळी माणसां हंय आसत?”

“चारशे बारा. धा वेळा मोजलंय.”

“माका धरून?” मी उगाच विचारलं.

“तुका कशाक धरू? तुझा नाव कुडाळच्या यादीत.” ते हसले, पण मला ते लागलंच.

मी सगळं सांगितलं. यंत्र, पन्नासाची अट, जेट्टी, उद्याचे बारा. बसचंही सांगितलं, लपवलं नाही. बोलता बोलता भोवती गाव जमा झालं. फुगड्या थांबल्या.

द्वारकाकाकी पुढे आली. बाबांच्या चुलतभावाची बायको, साठीची. कालवं काढून काढून तिचे हात खडबडीत झालेले आणि खाडीतली सगळ्यांत मोठी होडी तिची.

“म्हणजे आमी नसलो तर झाडांका किंमत नाय?” तिने विचारलं.

“यंत्राच्या हिशेबात नाय.”

“आणि झाडां नसली तर आमका रे कोण इचारतलो?” ती मागे वळून म्हणाली. दोघेचौघे हसले. मला हसू येईना.

बाबा हसले नाहीत. “भाड्याची माणसां गावात?” त्यांनी हळूच विचारलं. “तीन दिस गाव देवाचो. थंय मुंगी चलता, पाखरू बोलता, माणूस नाय. माझ्या बापाशीन पाळला, तेच्या बापाशीन पाळला. तू बशी थांबव आधी.”

“मगे तुमच्यातले पन्नास जण चला. घडीभर.”

“नाय.”

“बाबा, तिवर जातले! तुमी लावलेले!”

“गावपळण मोडाची नाय.”

माझं डोकंच फिरलं. “मगे उद्या बारा वाजता करवती येतल्यो. तेवा सांगा तुमच्या देवाक!” मी ओरडले. सगळं गाव ऐकत होतं. शब्द बाहेर पडल्यावर मला लाज वाटली, पण ते परत कुठे घेता येतात.

बाबा उठले आणि सड्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने मीही गेले. खाली देवखाजण दिसत होतं. एकाही कौलातून धूर नव्हता. गावाच्या पुढे खाडी, खाडीच्या तोंडाशी काळंभोर हिरवं कांदळवन, त्याच्यापलीकडे पांढरा फेस काढणारा समुद्र. सूर्य कलायला लागला होता.

“तुझी ती सावली खंय परयान?” बाबांनी विचारलं.

मी फोनवर नकाशा उघडला. वनापासून सुरू झालेला निळा पट्टा खाडीवरून, गावावरून, शेतांवरून मागच्या डोंगरापर्यंत पसरला होता. सडा त्याच्या बाहेर होता.

“ह्या मधी काय?” त्यांनी खाडीतल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

“ती रिकामी जागा. चिखल.”

“तेका जुवो म्हणतत.”

“ठावक आसा माका. पण थंय कोण रवणा नाय.”

जुवा म्हणजे खाडीतलं छोटं बेट. आमचा जुवा वनाच्या थेट पाठीमागे, झाडांपासून दगड मारला तर पोचेल एवढ्यावर.

“तुझ्या सावलीत येता तो?”

“येता. सगळ्यांत आधी तोच.”

बाबा माझ्याकडे वळले. म्हातारा हसत होता!

“आणि देवाच्या शिवेत येणा नाय,” ते म्हणाले.

“नाय?”

“शीव मी चलतंय, तू नाय. अकरा धोंडे. रविवारी दरेकाक नारळ दिलो. अकरावो धोंडो पाण्याच्या कडेक, थंय शीव सोपली. शीव घातली तेवा जुवो खंय होतो? तू पाच वर्षांची होतंस तेवाव थंय पाणी होता. आमी तिवर लावले, कांदळाच्यो शेंगो रोयल्यो, पाणी मंदावला, गाळ बसलो. हो जुवो झाडांनी बांधलो गो.”

मला ते आठवत होतं. फुटक्या खारबंधाऱ्यापलीकडे बाबा, आई आणि द्वारकाकाकी कमरेएवढ्या चिखलात उभी आणि मी होडीतून त्यांना एकेक शेंग देतेय. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, हातभर लांब शेंग होते आणि मग खाली सुटते, पाण्यावरून वाहत जिथे लागेल तिथे मूळ धरते. “तूय तशीच,” बाबा मला नंतर चिडवायचे, “हंय रुजलंस आणि कुडाळाक लागलंस.” मुळांनी पाणी मंद केलं की त्यातला गाळ खाली बसतो आणि वर्षानुवर्षं साठून जमीन होते, हे मी विद्यापीठात सहा महिने शिकले. माझ्या सूत्रात त्याला जागाच नव्हती. पाठीमागे काय आहे ते मी मोजलं होतं, झाडांनी नवीन काय घडवलं ते नाही.

आम्ही परत आलो. बाबांनी चार वाक्यांत सांगितलं. गुरवाने जरा विचार करून मान डोलावली, जुवा शिवेबाहेरच.

“पन्नास जणांनी भागात,” मी म्हणाले. “नऊ, दहा, अकरा. सलग तीन मोजण्यो.” तीन मोजण्यांची अटही माझीच, येणारे जाणारे पाहुणे गावात मोजले जाऊ नयेत म्हणून.

“पन्नास कित्या?” द्वारकाकाकीने कमरेवर हात ठेवले. “आमच्या झाडांची किंमत करतत ना? मगे पुरी करूक होयी. चारशे बारा जावया!”

“काकी, उद्या भरती कधी?”

“अकरा वाजता. जुव्यार ढोपरभर पाणी येतला.”

“मगे?”

“मगे काय, उभी रवया.”

मी नाडकर्णी मॅडमना फोन करून बस नको म्हणून सांगितलं. “खात्री आहे तुला?” त्यांनी विचारलं. “गावाला आहे,” मी म्हणाले.

सकाळी सातला शिवेबाहेरच्या धक्क्यावरून होड्या सुटल्या. एकोणीस होड्या, प्रत्येकीच्या दोन दोन, तीन तीन फेऱ्या. नव्वदीतले आबा खोबरेकर प्लास्टिकच्या खुर्चीसकट होडीत चढले आणि तसेच खुर्चीसकट उतरले. गुरं सड्यावर बांधून ठेवली, पण कोंबड्या कोल्ह्यांच्या भरवशावर सोडायला बायका तयार होईनात, म्हणून त्याही आल्या. पखवाज आला, टाळ आले, टोपभर पेज आली. बाबा शेवटच्या होडीतून आले. तोवर ते धक्क्यावर उभे राहून एकेक माणूस मोजत होते.

जुव्यावर वीज नव्हती. यंत्राला फक्त ऊब आणि आवाज कळणार होता आणि आवाज टिपणारे खांब पार गावाच्या काठावर होते. खरी संख्या तिन्ही मोजण्या झाल्यावर अहवालात येते, तोवर पडद्यावर नुसता रंग दिसतो. लाल, पिवळा किंवा हिरवा.

“आवाज होयो,” मी म्हणाले.

“आवाज?” काकी म्हणाली. “आमका आवाज करूक सांगतंस?”

आणि भजन सुरू झालं. माझ्या जन्मात मी एवढं बेसूर आणि एवढं मोठं भजन ऐकलं नाही. कोंबड्यांनी साथ धरली. पाच चुली पेटल्या. नऊला लालचा पिवळा झाला. जल्लोष झाला आणि त्या जल्लोषाने, मला वाटतं, यंत्राची आणखी खात्री पटली असावी. दहालाही पिवळाच राहिला.

मग पाणी चढू लागलं. आधी चुली विझल्या. बायकांनी पोरांना कडेवर घेतलं, पुरुषांनी आबांची खुर्ची खांद्यावर घेतली, कोंबड्यांची डालगी डोक्यांवर गेली. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटऱ्यांपर्यंत. मार्गशीर्षातलं गार पाणी. माणसं कुडकुडू लागली आणि आवाज उतरू लागला. मी फोनकडे बघत होते. चुली नाहीत म्हणजे ऊब फक्त अंगांची, आणि अंगं गार पडत चाललेली.

वनापलीकडे समुद्र खवळलेला होता. झाडांच्या शेंड्यांवरून लाटेचे तुषार उडताना दिसत होते. फोनवर बाहेरच्या मापकाचा आकडा होता एक मीटर ऐंशी. माझ्या डोक्यापेक्षा उंच लाट. आणि माझ्या पायाशी येत होती ती वीतभर, कुत्र्याने येऊन पाय चाटावा तशी. सात वर्षं मी हे गणित करत होते, पण त्या गणितात उभी कधी राहिले नव्हते. ती झाडं नसती तर आम्ही सगळे क्षणात आडवे झालो असतो. आई, बाबा आणि काकीने लावलेली झाडं. मला रडूच आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

“थंड लागता काय गो?” काकीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझे दोन्ही हात धरले. “घाल फुगडी!”

ढोपरभर पाण्यात फुगडी! आम्ही फिरलो, पाणी उडालं, बघता बघता शंभर जोड्या फिरू लागल्या. ज्यांना फिरता येत नव्हतं ते ओरडू लागले. बाबांनी पखवाज डोक्यावर घेतलेल्या माणसाला खाली वाकवलं आणि उभ्या उभ्या त्याच्यावर थाप मारली. अकरा वाजले. पडदा पिवळाच. अकरा वाजून एक मिनिट, पिवळा. दोन मिनिटं.

हिरवा.

त्या गोंगाटात माझं ओरडणं कोणालाच ऐकू गेलं नाही, म्हणून मी फोन वर धरला. गावाला कळलं ते माझ्या तोंडाकडे बघून. पुढे काय झालं ते सांगत नाही, आबांची खुर्ची तेवढी पाण्यात पडता पडता वाचली. माणसं झाडांच्या इतक्या जवळ उभी होती की एकेका माणसामागे वनाने केलेलं काम कोकणात सगळ्यांत जास्त भरलं. देवखाजण एकशे छप्पन्न वनांच्या यादीच्या तळातून थेट पहिल्या नंबरावर गेलं. गावपळण मोडली नाही, एकही माणूस भाड्याने आणला नाही, एकही आकडा खोटा लिहिला नाही. मी पुष्कळ गावं बघितली आहेत, पण असं गाव दुसरं बघितलं नाही.

बाराला बाबा, गुरव आणि दोन मानकरी देवळात गेले. दोनला परत आले तेव्हा आम्ही सड्यावर कपडे वाळवत होतो.

“देव नाय म्हणता,” बाबांनी जाहीर केलं. “आणखी एक दिस भायर.”

सगळ्या सड्यावरून मोठा सुस्कारा ऐकू आला आणि त्यामागोमाग हसू. कौलाच्या भरवशावर थांबलो असतो तर काय झालं असतं, ते सगळ्यांच्याच ध्यानात आलं होतं.

मीही राहिले. संध्याकाळी राहुटीबाहेर बसून मार्चच्या सुनावणीसाठी मसुदा लिहायला घेतला. पहिला मुद्दा, झाडं जी नवी जमीन बांधतात ती मोजावी. दुसरा मुद्दा, ढोल वाजवून गेलेलं गाव उठलेलं समजू नये. बाबा शेजारी बसून काळुंदरं साफ करत होते. खवले माझ्या कागदावर उडत होते. तेवढ्यात नाडकर्णी मॅडमचा फोन आला.

“अभिनंदन! अहवाल आला आहे. मी आत्ताच वर पाठवणार होते, पण एक शंका आहे.”

“काय?”

“तू म्हणालीस गावात चारशे बारा माणसं. वडिलांनी स्वतः मोजलीत. यंत्राला चारशे तेरा दिसली. एक जास्त. आकड्याला तर हात लावता येत नाही, पण खाली टीप द्यावी लागेल. यंत्राची चूक, असं लिहू का?”

ती एक कोण, ते मला लगेच कळलं. मी फोन छातीशी धरला आणि बाबांकडे वळले.

“बाबा, मशिनाक चारशे तेरा दिसली. मॅडम इचारतत, चुकला असा लिवू काय?”

बाबांनी हातातलं काळुंदर खाली ठेवलं. हात लुंगीला पुसले. सकाळी धक्क्यावर जसं एकेका माणसाकडे बघत होते, तसं माझ्याकडे बघितलं.

“तीन वर्सां तुझ्या मशिनाक गाळी घालतंय,” ते म्हणाले. “आज तेचा बरोबर आसा. चारशे तेराच.”

आणि त्यांनी उरलेल्या मासळीची पाटी माझ्याकडे सरकवली.